कट्ट वाजलं, मग पुढे?

आमच्या गल्लीत एक पायाळू आजी होत्या. जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले, एवढीच त्यांची पदवी. कुणाच्या पाठीत उसण भरली की घरचे त्याला आजींच्या ओसरीवर आणून पालथं निजवत. आजी हातातलं सूप बाजूला सारून उठत आणि त्याच्या कमरेवर टाचेने तीनदा हलकेच लाथ मारत. पैसे घेत नसत. पायाळू माणसावर वीज पडते म्हणून पावसाळ्यात त्यांना कुणी शेतात सोबत नेत नसे, आणि गुप्तधन शोधणारे मात्र त्यांच्याभोवती घुटमळत. एरवी वर्षभर त्या गल्लीच्या हक्काच्या हाडांच्या डॉक्टर होत्या. उसण बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांत आपली आपण उतरते, त्यामुळे आजींच्या पायाला यशही भरपूर होतं.

आजी गेल्या. आता त्याच गल्लीतली पोरं मोबाइलवर दुसऱ्या प्रकारची लाथ बघतात. टेबलावर माणूस झोपलेला, त्याच्या कॉलरला माइक लावलेला, आणि पांढऱ्या कपड्यातला कुणीतरी त्याचा सांधा धरून असा झटका देतो की कट्ट आवाज थेट आपल्या कानात. आधी हे मान आणि कंबर यांच्यापुरतं होतं. आता खांदा, कोपर, मनगट, गुडघा, घोटा, पायाची बोटं, अगदी जबडासुद्धा त्यात आला आहे. संभाजीनगर, नांदेड, लातूरकडे 'कायरो'च्या, म्हणजे हाताने झटका देऊन सांधे 'बसवणाऱ्या' कायरोप्रॅक्टिकच्या, पाट्या दिसू लागल्यात, आणि 'एका बैठकीत गुडघा मोकळा' असं लिहिलेली पत्रकं तालुक्याच्या बसस्थानकापर्यंत पोचलीत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सांध्याला जाणत्याचा हात लागला की गुण येऊ शकतो, हे मला मान्य आहे. त्यावर माझा वाद नाही. वाद आहे तो झटक्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय होणार, यावर. आमच्याकडे या दोन्ही जागा रिकाम्या आहेत, आणि मधला आवाज तेवढा विकला जातोय.

कायरोप्रॅक्टिक हा शब्द ग्रीक, अर्थ 'हातांनी करायचं काम'. जन्म अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावचा. डॅनियल डेव्हिड पामर नावाचा गृहस्थ तिथे चुंबकीय उपचार करत असे. त्याच्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वे लिलार्डला ऐकायला कमी येत असे. 18 सप्टेंबर 1895 रोजी पामरने त्याच्या पाठीचा एक मणका दाबून 'जागेवर' बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, अशी या पंथाची जन्मकथा आहे. ऐकण्याची नस पाठीच्या मणक्यांतून जातच नाही, हे कुणी विचारू नये. पामरने पुढे हिशेबच मांडून दिला: शंभरातले 95 आजार मणके सरकल्यामुळे होतात आणि उरलेले पाच इतर सांधे सरकल्यामुळे. हातापायांच्या सांध्यांवरची आजची कायरोप्रॅक्टिक म्हणजे त्या पाच टक्क्यांचा वारसा. गंमत अशी की त्या घराण्यातल्या कडव्या मंडळींनी पुढची कित्येक वर्षं या पाचांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, फक्त पाठीचा कणा धरून बसले. कण्यासोबत दुसरे उपचार मिसळणाऱ्यांना, त्यात खांद्या-गुडघ्यांना हात घालणारेही आले, ते 'भेसळवाले' म्हणत. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात या भेसळवाल्यांचंच काम त्यातल्या त्यात पुराव्याच्या जवळ जाणारं आहे, आणि जिवाला धोका कमी असलेलंही. मानेला जोराचा झटका देताना मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटण्याची भीती असते. घोट्याला तसं काही नाही. पण धोका कमी म्हणजे धोका नाही असं नव्हे, त्याकडे येतोच.

पामरचा मूळ शब्द आणि आमच्या हाडवैद्याचा शब्द एकच आहे: सरकलं. 'हाड सरकलंय, बसवून देतो.' डॉक्टरही यात मागे नाहीत. एक्स-रे खिडकीकडे धरून ते 'गॅप आलाय' किंवा 'वंगण संपलं' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला आपला गुडघा म्हणजे ट्रॅक्टरचं बेअरिंग वाटायला लागतं. बेअरिंग सरकलं तर बसवायचं, वंगण संपलं तर भरायचं. शरीराबद्दल असं बोलायला सोपं जातं, समजायलाही सोपं जातं, आणि नेमकी तिथेच फसगत होते. आखडलेल्या, दुखऱ्या सांध्यात बहुतेक वेळा काहीही सरकलेलं नसतं. भोवतालचं आवरण ताठरलेलं असतं, स्नायू धास्तावून आवळलेले असतात, हाडाच्या टोकावरची गुळगुळीत गादी, म्हणजे कूर्चा, झिजलेली असते. जे सरकलंच नाही ते बसवायचं कुठे?

खरोखर जागा सोडलेला सांधाही असतो, आणि हाडवैद्याची कीर्ती त्याच्यावरच उभी आहे. दोन-तीन वर्षांच्या पोराला बाजारात एका हाताने वर खेचलं, किंवा दोघांनी दोन हात धरून झोका दिला, की कधी कधी पोर किंचाळतं आणि तो हात लोंबकळत ठेवतं, हलवू देत नाही. कोपराच्या बाहेरच्या बाजूला मनगटाकडून आलेल्या हाडाचं डोकं असतं, भोवती कड्यासारखी पट्टी असते. लहान वयात ती सैल असते आणि खेचल्यावर डोक्यावरून घसरते. जाणत्याने तळहात वळवून कोपर वाकवलं की बारीकसा टक होतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत पोर त्याच हाताने बिस्कीट मागतं. हे मी पाहिलं आहे. हे करणारे म्हातारे शाळा शिकलेले नव्हते, पण त्यांचं निदान बरोबर होतं आणि उपचारही तोच, जो हाडांच्या दवाखान्यात होतो. या एका यशावर माणूस पंचक्रोशीत नाव कमावतो.

आता तेच कोपर, पण पोर सहा वर्षांचं, आणि ते चिंचेवरून हातावर पडलेलं. हात तसाच लोंबकळतोय, रडणंही तसंच. इथे बहुतेकदा कोपराच्या वरचं हाड मोडलेलं असतं आणि त्याच्या अगदी समोरून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. या हाताला पिळून 'बसवला', वर बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या, तर आत सूज वाढते, रक्त अडतं आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. पुढे आयुष्यभर बोटं आत वळलेली राहतात. फोल्कमान या जर्मन सर्जनने 1881 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्याच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. आणि कामट्या बांधल्या नाहीत, नुसतं रोज तेल लावून चोळलं, तरी आणखी एक संकट असतं: दुखावलेल्या कोपराभोवतीच्या स्नायूत नवं हाड तयार होऊन सांधा कायमचा अडकतो. कोपराला मार लागल्यावर चोळू नका, हे हाडांचे डॉक्टर विद्यार्थ्यांना बजावतात. आमच्याकडे मात्र पडल्यावर पहिला हात जातो तो तेलाच्या बुधलीकडे.

दोन पोरं, एकच कोपर. फरक हातात नाही, विचारण्यात आहे: खेचलं की पडलं? झटक्याच्या आधीची जागा म्हणतो ती हीच. ती भरायला फार मोठी विद्या लागत नाही. घोटा मुरगळल्यावर एक्स-रे हवा की नको हे ठरवायला 1992 मध्ये कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी साधे नियम काढले. घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेला दाबून दुखतं का? चार पावलं वजन टाकून चालता येतं का? पायाच्या मधल्या भागातल्या दोन ठरावीक हाडांवर दाब सोसतो का? बस, एवढंच. कुठल्याही आशाताईंना अर्ध्या तासात शिकवता येतील असे हे प्रश्न आहेत.

काही गोष्टी मात्र विचारूनही निसटतात, आणि त्यासाठी संशयी नजर लागते. लंगडणारं पोर रात्री झोपेत किंचाळून उठत असेल तर तो खुब्याचा क्षय असू शकतो. पंधरा-सोळाच्या पोराच्या गुडघ्याच्या वर न उतरणारी, रात्री ठणकणारी सूज असेल तर तो हाडाचा कर्करोग असू शकतो, आणि तिथे महिनाभर मालिश चालली तर गेलेला महिना परत मिळत नाही. कॉलरला माइक लावणाऱ्या माणसाला या दोन ओळी पाठ आहेत का, हे पत्रकावर लिहिलेलं नसतं.

आता तो आवाज. सांध्याच्या पिशवीत द्रव असतो. दोन पृष्ठभाग एकदम ताणून दूर केले की आतला दाब पडतो आणि द्रवात वायूची पोकळी उघडते. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोट ओढतानाच त्याचं एमआरआय चित्रण करून ही पोकळी दाखवली. नेमका आवाज पोकळी उघडताना येतो की मिटताना, यावर अजून खल चालू आहे. एकदा वाजलेला सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही, मग वाजतो. निरोगी बोटंही वाजतात, आणि आपण परीक्षेच्या आधी ती वाजवलेली आहेत. म्हणजे कट्ट वाजणं ही काही बसल्याची खूण नाही, न वाजणं ही न बसल्याचीही नाही. झटक्यानंतर थोडा वेळ दुखणं कमी होतं हे खरं. मज्जासंस्थेला तेवढा चकवा मिळतो आणि आवळलेला स्नायू सैल पडतो. तो थोडा वेळ कामाचा आहे, जर त्या वेळात सांध्याकडून व्यायाम करून घेतला तर. नुसताच उठून घरी गेलात तर सांजेला जैसे थे.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य व्यवस्थेला सल्ला देणाऱ्या 'नाइस' संस्थेने 2022 मध्ये सांधेझिजेबद्दल मार्गदर्शन दिलं. त्यात व्यायाम हा पाया मानला आहे. हाताने करायचे उपचार फक्त खुबा आणि गुडघ्यासाठी, आणि तेही व्यायामासोबतच द्यावेत असं म्हटलं आहे. अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयांमधल्या 156 गुडघेदुखीच्या रुग्णांवरचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना स्टिरॉइडचं इंजेक्शन, अर्ध्यांना हाताचे उपचार आणि व्यायाम. वर्षानंतर दुसऱ्या गटाचं दुखणं कमी होतं आणि चालणं-फिरणं बरं होतं. यातला 'आणि व्यायाम' हा तुकडा पत्रकं छापणारे खाऊन टाकतात.

माझ्या मावशीचा खांदा गोठला त्याची गोष्ट इथे सांगायला हवी. अंबाजोगाईजवळच्या खेड्यात राहते, वय पंचावन्न. आधी रात्री उजव्या कुशीवर झोपता येईना, मग हात मागे नेऊन पोलक्याचं बटण लावता येईना, मग फडताळावरचा डबा काढता येईना. शेजारच्या मुलाने मोबाइल दाखवला, मावसभावाने तिला शहरातल्या एका केंद्रात नेलं. तिथे 'खांदा सरकलाय' असं निदान झालं आणि तीन बैठकांचे पैसे आगाऊ घेतले. पहिल्या झटक्याला मावशी ओरडली. "कटकन वाजलं बगा, आता हात वर जातोय का नाई?" जात होता, जरा. घरी येईपर्यंत आग व्हायला लागली आणि पुढचे आठ दिवस हात कुशीतून सुटला नाही. गोठणारा खांदा पहिल्या काही महिन्यांत आतून सुजलेला, चिडलेला असतो. तेव्हा त्याला हिसका देणं म्हणजे भाजलेल्या जागी मीठ चोळणं. हे तिला दुसऱ्या बैठकीनंतर एका सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, साखर तपासायला लावली. निघाली. मधुमेह्यांमध्ये गोठलेला खांदा इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, आणि केंद्रातल्या कुणाला हा प्रश्नच सुचला नव्हता.

त्या बाईंनी खांद्याला हातही लावला, पण हळूच, डुलवल्यासारखा. बाकी सगळं मावशीलाच करायचं होतं. छपराच्या आढ्याला कप्पी अडकवून दोरी ओढायची, एका हाताने दुसरा हात वर न्यायचा. भिंतीवर बोटं मुंगीसारखी चढवायची आणि जिथे थांबतील तिथे कोळशाने रेघ मारायची. दर सोमवारी एक रेघ. सहा आठवड्यांत वितीभर, वर्षभराने फडताळ. या दुखण्याला एरवीही एक ते तीन वर्षं लागतात. यात व्हिडिओ करण्यासारखं काही नाही. कोळशाच्या रेघा कुणी पुढे पाठवत नाही.

पण मावशीकडे सहा आठवडे होते. घरची शेती, सून हाताशी. तिची जाऊ, जी दर दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जाते, तिच्याकडे नव्हते. आणि इथेच मला वाटतं आपण या प्रश्नाकडे उलट्या बाजूने बघतो. आपण म्हणतो, लोक अडाणी आहेत म्हणून झटक्याच्या मागे लागतात. नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधीच उचल घेतलेली, ती फेडायची. पहाटे फडात वाकून तोड, मग 30-40 किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत. एक दिवस कामाला गेलं नाही तर मुकादम खाडा लावतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड. जिच्या गुडघ्याची किंमत खाड्यात मोजली जाते तिला तुम्ही 'रोज दोनदा वीस मिनिटं मांडीचे व्यायाम, सहा आठवडे' असं लिहून दिलंत तर ती चिठ्ठीची घडी घालून कमरेला खोचेल आणि तिथे जाईल जिथे एका बैठकीत हातावेगळं करतात. किंवा मेडिकलवाल्याकडून गोळ्यांची पुडी घेईल, ती वर्षभर खाईल आणि मग मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे जाईल. तिचा हिशेब चुकलेला नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हाही मुळाशी हेच होतं: पाळी म्हणजे खाडा, मग पिशवीच काढा. शरीर एका झटक्यात कामाला जुंपण्यालायक करून देणाऱ्याची आमच्याकडे कायम चलती आहे, मग तो कात्रीवाला असो की कट्टवाला.

काही डॉक्टर मित्र म्हणतात, हे सगळे भोंदू, बंदी घाला. मला ते पटत नाही. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस आधुनिक अस्थिशल्याच्या पूर्वजांत गणला जातो; त्याचा बाप हाडं बसवणारा वैदू होता, पदवी नसलेला, डॉक्टरांनी छळलेला. मुलाने रीतसर वैद्यकी शिकून बापाचं हातकसब दवाखान्यात आणलं. त्याने बनवलेली मांडीची पट्टी पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा रॉबर्ट जोन्सने सैन्यात रुजवली आणि मांडीचं हाड मोडून मरणाऱ्या सैनिकांची संख्या झपाट्याने घटली. हात कुणाचा, हे कमी महत्त्वाचं. तो हात कुठे नोंदलेला आहे आणि चुकला तर कुणाला जाब देतो, हे महत्त्वाचं.

कायरोवाल्याला तो जाब आज कुठल्या परिषदेला द्यावा लागत नाही. फिजिओथेरपीसाठी महाराष्ट्रात 2002 चा परिषदेचा कायदा आहे, देशपातळीवर 2021 चा संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा आहे. कायरोप्रॅक्टिकसाठी भारतात स्वतंत्र परिषद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये या विद्येच्या पूर्ण शिक्षणासाठी चार वर्षं आणि किमान 4200 तास सांगितले, त्यात हजार तास देखरेखीखाली रुग्ण तपासण्याचे. आपल्याकडे शनिवार-रविवारची कार्यशाळा करून भिंतीवर प्रमाणपत्र टांगता येतं, आणि गावाला ते आणि हे यांत फरक कळायला मार्ग नाही. सांध्याला झटका देणाऱ्या प्रत्येकाची, मग तो कायरोवाला असो, फिजिओ असो की पिढीजात हाडवैद्य, जिल्ह्यात नोंद व्हावी. झटक्याआधी काय विचारलं, काय तपासलं, याची एक कागदी नोंद रुग्णाच्या हातात द्यावी. आणि 'एका बैठकीत' हे शब्द जाहिरातीत आले तर दंड व्हावा. हाडवैद्यांना या नोंदीतून वगळू नका. त्यांना ओटावाचे प्रश्न शिकवा आणि पडलेलं पोर पुढे पाठवल्याबद्दल मानधन द्या. ते पाठवतील. त्यांनाही मोडलेल्या हाताची भीती वाटते, फक्त पाठवायला जवळ जागा नसते.

दुसरा अर्धा भाग, झटक्यानंतरचा, सरकारने आणि कारखान्यांनी भरायचा आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अंबाजोगाईचं तर ग्रामीण भागासाठीच काढलेलं. पण फिजिओथेरपी जिल्ह्याच्या गावी अडकली आहे. केजच्या, भोकरच्या, भूमच्या बाईला रोज तिथवर एसटीने जायचं तर तिकिटातच मजुरी संपते. ग्रामीण रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट आणि हंगामात कारखान्याच्या अड्ड्यावर आठवड्यातून दोनदा त्याची फेरी, एवढं ऊसतोड कामगारांच्या महामंडळाला झेपण्यासारखं आहे. आणि फिजिओने चिठ्ठी दिली तर त्या दिवसाचा खाडा लागू नये, असं मुकादमाच्या करारात छापून यावं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, मला कल्पना आहे.

यंत्रं लागणार नाहीत. त्या बाईंना मी विचारलं होतं, खोली मिळाली तर आत काय काय हवं. म्हणाल्या, "एक सतरंजी, एक रिकामी भिंत, दोरी आणि कप्पी." कप्प्या तर गावोगावी कोरड्या पडलेल्या आडांवर लटकलेल्याच आहेत.